तोंडासाठी नाकेबंदी

आमच्या गावाला खेडं म्हटलं तर आम्हाला राग येतो आणि शहर म्हटलं तर चांद्याच्या लोकांना हसू येतं. चंद्रपूरला आम्ही अजून चांदाच म्हणतो. बसच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो, कंडक्टरने 'चांदा, चांदा' अशी आरोळी दिली नाही तर निम्मे प्रवासी चढायचेच नाहीत. बसने अर्धा-पाऊण तास लागतो. आधी जंगलाचा पट्टा, मग कोळशाच्या ट्रकांची रांग, मग चांदा. आमच्या गच्चीवरून त्यांची धुराडी दिसतात. त्यांना तिथून आम्ही दिसत असू असं वाटत नाही.

गावात एक बँक आहे, दोन मेडिकल आहेत, एक पेट्रोलपंप, एक विहार, एक हनुमानाचं देऊळ, मंगळवारचा बाजार आणि पाच पानठेले. मोहर्लीकडे वाघ पाहायला जाणाऱ्या गाड्या आमच्या फाट्यावर थांबतात, पण त्या पाण्याच्या बाटलीसाठी आणि आडोशासाठी. फाट्यावरच माझं झेरॉक्सचं आणि वह्या-पेनांचं दुकान आहे. बस समोरच थांबते. त्यामुळे कोण चांद्याला गेलं, कशासाठी गेलं आणि हातात काय घेऊन परतलं, हे मला विचारावं लागत नाही.

दुकानासमोरच्या बाकावर दिवसातला बराच वेळ माझी नणंद बसलेली असते. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. नवरा गेल्यावर माहेरी आली, आमच्या मागच्या दोन खोल्यांत राहते आणि चूल वेगळी ठेवते, कारण माझ्या भाजीत तिच्या मते तिखट नुसतं दाखवायला असतं. अंगणवाडीत ती सेविका होती. गावातल्या तिशी-पस्तिशीच्या आतल्या जवळजवळ प्रत्येकाचं नाक तिने पुसलं आहे, आणि चारचौघांत ती ते सांगतेही. म्हणून अख्खं गाव तिला बाई म्हणतं. मीही बाईच म्हणते.

बाईची दोन कामं निवृत्तीनंतरही सुटली नाहीत. एक बोलणं. दुसरं एप्रिलात जयंतीला विहारासमोरच्या मांडवात गाणं. बायांच्या मंडळात पहिली ओळ तीच उचलते, बाकीच्या मागून धरतात. बिना माइकचा तिचा आवाज बाजार ओलांडून हनुमानाच्या देवळापर्यंत जायचा, आणि देवळातले भजनी मंडळवालेसुद्धा त्या दिवशी टाळ खाली ठेवून बसायचे.

आणि तिसरं, खर्रा.

बाहेरच्या लोकांना खर्रा समजावून सांगावा लागतो. सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालायचा आणि ठेल्याच्या फळीवर तो तळव्याने खसाखसा घोटायचा. घोटून घोटून सुपारी मऊ झाली की पन्नीला रबर लावून गिऱ्हाइकाच्या हातात. आमच्या भागात पाहुण्याला आधी पाणी विचारतात की खर्रा, याबद्दल दुमत होऊ शकतं. बाया खात नाहीत असं समजू नका. बाया दाराआड खातात. बाई तर अंगणवाडीच्या कपाटाआड खायची आणि पोरं शिकवल्यासारखी ओरडायची, "बाई औषध घेऊन राह्यली!"

गेल्या थंडीत तिने भाकर कुस्करून खायला सुरुवात केली. आधी म्हणाली दात दुखतो. मग म्हणाली भाकरच जाड झाली. मी तिला उचललं आणि चांद्याला दातांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर तरुण होता, नुकताच शिकून आलेला.

"आजी, तोंड उघडा."

"उघडलंच तं हाय."

"अजून."

"अजून कायले? दात मोजाचे हाय का?"

"तुमची तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घाला. मोकळ्या तोंडात तीन जातात."

बाईचं एक गेलं. दुसरं अर्ध्यात अडलं.

"डाक्टर, हे माप बरोबर नाई," बाई म्हणाली. "आमी सारवन करनाऱ्या बाया. आमची बोटं जाड. तुमची घाला."

त्याने हातमोजे घालून स्वतःची घातली. त्याचीही दोनच्या वर जाईनात. मग तो स्टूल ओढून तिच्यासमोर बसला आणि हळू आवाजात बोलला. गालाच्या आतली कातडी ढोलाच्या चामड्यासारखी ताठ झाली आहे. आज सुपारी-तंबाखू सोडलं तर आहे तेवढं राहील, व्यायामाने थोडं वाढेलही. सोडलं नाही तर हळूहळू चमचा जाणार नाही. आणि आत एक पांढरा डाग आहे, तो त्याला आवडलेला नाही.

व्यायाम सोपा होता. आइसक्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या. आज धरवतील तेवढ्या, मग एक वाढवायची.

परतीच्या बसमध्ये बाई खिडकीशी बसली. ट्रकांची रांग संपली, जंगल लागलं, तेव्हा खिडकीबाहेर पाहतच म्हणाली, "गानं?"

"काय बाई?"

"गानं म्हनता येईन का वं?"

मी म्हटलं, तोंड उघडलं तर येईल.

घरी ही बातमी मी नवऱ्याला सांगितली. "ताईचं तोंड बंद होणार?" तो म्हणाला. खरोखर काळजीने म्हणाला, पण शेवटच्या शब्दाला त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. बाई दारातच होती. त्यानंतर पुढचे कितीतरी दिवस त्याच्या ताटात तिच्या हातची चटणी आली नाही.

मी कामाला लागले. चांदा मोठा असेल, पण आपलं गाव तर मुठीत मावतं. पाच ठेले. पाच माणसं पटवली की काम झालं.

बसथांब्यावरचा ठेलेवाला आधी कुरकुरला. "वयनी, माझं रोजचं गिऱ्हाईक तोडून राह्यल्या तुमी."

"जयंतीला मांडवात गाणं कोण म्हणणार? तू?"

त्याचा आवाज डिझेलच्या पंपासारखा आहे आणि त्याला ते माहीत आहे. तो कबूल झाला. बाजारातल्या ठेल्यावर "अर्धी पुडी तरी?" अशी घासाघीस झाली, ती मी मोडून काढली. बँकेजवळचा आणि पेट्रोलपंपाजवळचा, दोघं लगेच हो म्हणाले. अडचण आली विहाराच्या गल्लीतल्या पाचव्याची. तो बाईच्या अंगणवाडीतला. आता दोन पोरांचा बाप, डोक्यावरचे केस गेलेले, तरी बाई दिसली की हात मागे बांधून उभा राहतो.

"बाईले नाई म्हनाची माझ्यात हिंमत नाई, वयनी."

"नाही म्हणू नको. दिसूच नको."

त्याने ते शब्दशः घेतलं. बाई गल्लीत वळली की तो फळीखाली बसायचा. पहिल्याच दिवशी बाई रिकाम्या ठेल्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अरे, टक्कल दिसून राह्यलं तुहं."

फळीखालून आवाज आला, "मी घरी नाई, बाई."

बाईचे दिवस वाईट गेले, हे मान्य केलं पाहिजे. डोकं दुखायचं, झोप यायची नाही, माझ्या दुकानातल्या स्टेपलरचा आवाजसुद्धा तिला सहन व्हायचा नाही. काड्या मात्र ती धरायची. माझ्या बाकावर बसून, दातांत काड्यांची चळत, डोळे बाहेर. काड्या असताना बोलता येत नाही, म्हणून हातवारे चालायचे. झेरॉक्सला आलेले लोक मला विचारायचे, बाईंनी काय गिळलं?

मग तिने माणसं पाठवायला सुरुवात केली. दूधवाला, जो आयुष्यात खर्रा खात नव्हता, अचानक दोन पुड्या मागायला लागला. मी ठेल्यांवर नवा नियम लावला. घेईल त्याने तिथेच तोंडात टाकायचं. दूधवाला एकदा फसला, त्याने टाकली आणि सायकलीवरच त्याला चक्कर आली. त्यानंतर बाईसाठी कोणी गेलं नाही.

आणि मग एकाएकी शांतता झाली. बाईची डोकेदुखी थांबली, स्वभाव सुधारला, माझ्या नवऱ्याच्या ताटात चटणी परत आली. मी मनातल्या मनात काम संपल्याची खूण केली.

"चांद्याले जाऊन येते," बाई एक दिवस म्हणाली. "चष्म्याची दांडी ढिली झाली. तुले काई आनाचं हाय का?"

बायांना बसचं तिकीट अर्धं झाल्यापासून आमच्या गावात चष्म्याच्या दांड्या वारंवार ढिल्या होतात. मला आनंदच झाला. मी यादी दिली. झेरॉक्सच्या कागदाचे दोन गठ्ठे, निळी पेनं, फेविकॉलच्या लहान बाटल्या. बाईने सगळं बरोबर आणलं. पुढच्या आठवड्यात दांडी पुन्हा ढिली झाली. मग कोणाची तरी भाची आजारी पडली. मग दुसरी. मी दर वेळी यादी द्यायची, बाई दर वेळी गठ्ठे आणायची, आणि दुकानात सामान इतकं साठलं की वर्षभर खरेदी नको. एक गोष्ट मात्र मला खटकत होती. काड्यांची चळत वाढत नव्हती.

बिंग फोडलं ते कंडक्टरने. बस थांबल्यावर तो पाणी प्यायला माझ्या दुकानाशी आला आणि सहज म्हणाला, "वयनी, तुमच्या घरी लई खर्रा लागते वाटते."

"आमच्या घरी?"

"बाई नेतात ना दर फेरीले. बस सुटेपर्यंत उभ्या राहून घोटून घेतात. म्हनतात, वयनीची यादी हाय."

वयनीची यादी! मी पेल्यातलं उरलेलं पाणी बाहेर फेकलं ते थोडं जोरातच.

चिडण्यात अर्थ नव्हता. अडचण काय आहे ते पाहिलं पाहिजे होतं. अडचण ही होती की गाव मी बंद केलं होतं आणि चांदा उघडा होता. चांद्यातले पानठेले कोण मोजणार? एका बसस्टँडच्या आसपासच आमच्या अख्ख्या गावाला पुरून उरतील.

पण मग मी दुसरी बाजू पाहिली. सकाळच्या पहिल्या तीन बसमध्ये आमचं निम्मं गाव चांद्याला जातं. कॉलेजच्या मुली, कोर्टाबाहेर टायपिंग करणारा, सरकारी दवाखान्यातली नर्स, बसस्टँडवरचा ऑटोवाला, कापडाच्या दुकानांतले चार-पाच सेल्समन. दिवसभर आमचं गाव गावात नसतंच, ते चांद्यात पसरलेलं असतं. आणि त्यातल्या बहुतेकांची नाकं बाईने पुसलेली.

गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी एक ओळ टाकली. बाई चांद्यात कोणत्याही ठेल्याजवळ दिसल्या तर जवळ जा, प्रेमाने बोला आणि सोबत राहा. बाकी काही करू नका.

पुढे जे झालं ते मला चार-पाच जणांनी सांगितलं, आणि नंतर बाईने स्वतः, फार वेगळ्या सुरात.

बाई बसमधून उतरली आणि नेहमीच्या ठेल्याशी गेली. ठेलेवाल्याने पन्नी उघडली तोच मागून दोन मुली आल्या. "बाई! तुमी इथी? केवढ्या बारीक झाल्या!" एकीने डावा हात धरला, दुसरीने उजवा. त्यांनी तिला उसाचा रस पाजला. बाईने पिता पिता दुसरा ठेला हेरून ठेवला. मुली गेल्यावर ती तिकडे वळली, तर कोर्टातला टायपिस्ट समोर. "बाई, उन्हाच्या कुठी चालल्या? या, सावलीत बसा." सावलीत चहा झाला. तिसऱ्या ठेल्यावर नर्स. तिने तिथेच रस्त्यात बाईची नाडी पाहिली.

बाई बसस्टँडवर परत आली आणि ऑटोत बसली. ऑटोवालाही आपलाच आहे हे तिने पाहिलं, पण आता तिला राहवत नव्हतं.

"ने मले," ती म्हणाली. "जिथी आपल्या गावचं कोनीच नाई, तिथी ने."

"हौ बाई."

त्याने गांधी चौक दाखवला, किल्ल्याचा दरवाजा दाखवला, एक लांबलचक वळसा घातला आणि ऑटो आणून सरळ आमच्या गावच्या बसच्या दाराशी लावला.

"हे काय रे?"

"बाई, आपले सगळे इथी फिरून राह्यले. आता गावातच कोनी नाई."

संध्याकाळी बाई बसमधून उतरली, माझ्या गल्ल्यावर माझी यादी ठेवली, जशी दिली तशी, घडीही न मोडलेली. "घे," एवढंच म्हणाली. आणि त्यानंतर ती बोलायची थांबली.

तिने काड्याही सोडल्या. बाकावर यायची, बसायची, बघायची. आम्ही विचारलं तर मान हलवायची. गावाला आधी गंमत वाटली, मग बेचैनी यायला लागली. बस आली तर कोण उतरलं हे मोठ्याने सांगणारं कोणी नाही. भाजीवाली भाव सांगून थांबायची, समोरून शिवी येईना, तर आपणच भाव कमी करायची. माझा नवरा एकदा तिच्यासमोर उभा राहून म्हणाला, "ताई, काही तरी बोल ना, मला वाईट बोल." तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तोंडाकडे बोट दाखवून दोन्ही हातांनी दार लावून घेतल्यासारखं केलं. तुम्हाला हेच हवं होतं ना?

मला ते हवं नव्हतं, आणि डॉक्टरचा तो पांढरा डाग माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. व्यायाम बंद म्हणजे तोंड रोज थोडं आवळत असणार. चांद्याला जाणं बंद झालं होतं, खर्राही बंद असावा, पण ती रागाने बंद होती, आणि राग कधी उतरेल याचा भरवसा नसतो.

मार्च लागला, तशी विहारात गाण्यांची तालीम सुरू झाली. पहिली ओळ उचलायला कोणीतरी हवं, म्हणून मंडळाने एका नव्या सुनेला उभं केलं. पोरगी गुणी, आवाज गोड, पण चाल मोबाइलवरून शिकलेली. ती रीतसर बाईची परवानगी मागायला आली. बाईने मान हलवली. हो की नाही हे कोणालाच कळलं नाही, म्हणून सगळ्यांनी हो धरलं.

विहार माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर आहे. तालीम सुरू झाली की बाकावर बसलेल्या बाईची बोटं मांडीवर ताल धरायची. सुनेने सूर चढा लावला होता. दुसऱ्या कडव्याच्या आधी एक जागा आहे, तिथे सगळ्या बायांनी श्वास घ्यायचा असतो, म्हणजे पुढची ओळ एकदम उठते. सून ती जागा न थांबता ओलांडायची आणि मागच्या बाया धापा टाकत धावायच्या. पहिल्या दिवशी बाईची बोटं थांबली. दुसऱ्या दिवशी तिने बाकाचा काठ धरला. तिसऱ्या दिवशी ती उठलीच. मी शटर अर्धं ओढून तिच्यामागे गेले.

"थांबा वं!" बाई विहाराच्या दारातून ओरडली. इतक्या दिवसांचं साठलेलं एकदम बाहेर पडलं. "म्हशी लागल्या का मागं? श्वास कोन घेईन, तुमची सासू? अन् तू, पोरी, एवढा वर कायले लावतं सूर? इथं पन्नाशीच्या बाया हायत. हे पाह्य, असं..." तिने टाळी वाजवली, ताल दिला, पहिली ओळ खालच्या सुरात उचलली. बाया हसल्या, सावरून बसल्या. तो जुना आवाज होता. मग ती श्वासाची जागा आली, बाई थांबली, सगळ्यांना थांबवलं, आणि पुढची ओळ वर नेली.

ती वर गेली नाही. आवाज होता, तो आतून आला, पण तोंड उघडलं नाही. ओळ दातांतच चेपली. बाईने जबड्याला हात लावला, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तसंच. मग ती दाराच्या पायरीवर खाली बसली. सून तिच्याजवळ येऊन बसली आणि काय करावं न सुचून तिच्या पदराचं टोक नीट करत राहिली.

घरी जाताना बाई माझ्याशी बोलली.

"बंदी काढ."

"काय?"

"ठेल्यांवरची. सगळी बंदी काढ. चांद्यातलीबी."

"बाई, डॉक्टरने..."

"डाक्टर राहू दे. माझं आयक. तू माझ्यावर पहारा बसोला. मंग मी काय केलं? पहारा कसा चुकवाचा, ह्याच्यातच राह्यली. रात्रंदिवस तेच. मले खर्रा सोडाले टाइमच नाई भेटला." तिने पदर कमरेला खोचला. "अन् उद्या सुटला तरी लोक म्हनतीन, बाईले कोनी देत नव्हतं म्हनून सुटला. मले देऊन राह्यले, अन् मी नाई घेतला, असं पायजे मले."

माझ्या नवऱ्याचं मत पडलं की हा सरळ डाव आहे. माझंही निम्मं मत तेच होतं. पण माझी नाकेबंदी इतकी चोख लावूनही काय साधलं होतं, ते मी विहारात पाहिलं होतं. सकाळी मी पाचही ठेल्यांना निरोप दिला. बाई येणार आहेत. मागतील ते द्या.

मग आमची वरात निघाली. पुढे बाई, मागे मी, आणि बसथांब्यावरच्या ठेल्यापर्यंत आमच्यामागे दहा-बारा माणसं जमलीसुद्धा.

"घोट," बाई म्हणाली.

डिझेलच्या आवाजाच्या ठेलेवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने घोटला. बाईने पुडी हातात घेतली, रबर सैल केलं, वास घेतला. तिने रबर लावून पुडी फळीवर ठेवली. "चुना कमी हाय."

बाजारातल्या ठेल्यावर सुपारी जुनी निघाली. बँकेजवळ घोटाई कच्ची. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "बाई, आता चांगली सापडली तं पंचाईत होईन." लोक हसले, बाईही हसली, पण तिचा हात पदराशी चाळा करत होता, ते मला जवळून दिसत होतं.

पेट्रोलपंपाजवळचा ठेलेवाला खरा कारागीर. त्याच्या हातचा खर्रा न्यायला लोक दुसऱ्या गावाहून येतात. त्याने पुडी दिली. बाईने रबर काढलं, वास घेतला आणि थांबली. खोड काढायला जागा नव्हती. चिमूट भरली. मी पंपावरच्या डिझेलच्या भावाचा फलक वाचायला लागले. तो वाचून झाला, तरी मागून आवाज येईना. मग बाई म्हणाली, "चांगला हाय," आणि चिमूट परत पन्नीत टाकली. तिने पुडी त्याच्या हातात दिली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. कोणी हसलं नाही.

विहाराच्या गल्लीत पाचवा ठेला. आपला टक्कलवाला सवयीने अर्धा खाली वाकला होता, तो आठवण येऊन सरळ झाला. त्याची घोटाई कशीतरीच झाली.

"घेऊ नका ना, बाई."

"तुले ठेला चालवता येते का नाई?"

"येते."

"मंग दे."

तिने घेतली, पैसे दिले आणि पुडी कमरेला खोचली. माझा चेहरा पाहून म्हणाली, "नाई खात. राहू दे जवळ. जवळ असली म्हनजे डोकं ठिकानावर राह्यते. नसली का मंग चांदा आठवते."

मला हे पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. पण त्या दिवशी दुपारी बाकावर काड्या परत आल्या. मी पुडीकडे पाहायचं टाळलं आणि चळतीवर नजर ठेवली. चळत अडखळली, एकदा मागेही गेली, मग हळूहळू चढायला लागली. बाई सुनेला रोज संध्याकाळी बाकावर बसवून चाल शिकवायची, काड्या तोंडात असताना हाताने आणि काड्या काढल्यावर तोंडाने, आणि तोंडाने जे व्हायचं ते शिकवण्यापेक्षा रागावणंच जास्त असायचं. सून हसत हसत शिकली. मधल्या काळात आम्ही डॉक्टरकडे पुन्हा गेलो. त्याने आरसा घालून पाहिलं, डाग आहे तसा आहे, वाढलेला नाही म्हणाला, नजर ठेवावी लागेल म्हणाला. बोटांचं माप घ्यायला बाईने त्याला नकार दिला. "जयंती झाल्यावर घे," ती म्हणाली. "आता नजर लागन."

जयंतीच्या संध्याकाळी मांडव भरला होता. निळे झेंडे, लहान मुलांचे नवे पांढरे कपडे, चांद्याहून लवकर सुटून आलेल्या मुली, टायपिस्ट, नर्स, ऑटो घेऊनच आलेला ऑटोवाला. पाचही ठेलेवाल्यांनी दुकानं बंद केली होती. देवळातले भजनी मंडळवाले नेहमीच्या जागी मागे बसले होते. बाई पांढऱ्या साडीत मधोमध उभी राहिली, सून तिच्या डाव्या हाताला.

पहिली ओळ खालच्या सुरात उठली. बाया मागून आल्या. दुसऱ्या कडव्याआधी सगळ्यांनी श्वास घेतला आणि मांडवात एवढी शांतता झाली की जनरेटरचा आवाज ऐकू आला. मी पाहिलं, माझा नवरा किंचित पुढे वाकला होता. त्याच्या शेजारचेही. सगळं गाव पुढे वाकून बाईच्या तोंडाकडे पाहत होतं. मीही.

बाईने ओळ वर नेली. सून तिच्यासोबत गेली, पण थोडी मागे राहून, जशी बाईने शिकवली होती तशी. सर्वात वरच्या जागी बाईचा आवाज जरा बारीक झाला, कडेला थोडा फाटला, पण दातांत चेपला नाही. तो बाहेर पडला आणि पुढे गेला. मला तिच्या वरच्या दातांची अख्खी ओळ दिसली.

गाणं संपलं. तरी आम्ही तसेच पाहत राहिलो.

बाईने पदराने तोंड पुसलं, माइक स्वतःकडे ओढला आणि म्हणाली, "माझ्या तोंडाकडे काऊन पाहून राह्यले? टाळ्या वाजवा ना!"